राष्ट्रीय सण तीनच, बाकी सुट्ट्या राज्यागणिक : सीमेवरच्या कामगारांना कोणता नियम लागू?

बुऱ्हाणपूर : घर बुऱ्हाणपूरला आणि काम रावेर-मुक्ताईनगरला, किंवा याच्या उलट. अशांचा दरवर्षीचा प्रश्न एकच : १ मे ची सुट्टी आपल्याला आहे की नाही?

तीन दिवस सगळीकडे
२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे राष्ट्रीय सण देशभर सारखेच. १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, ते ध्वजारोहण. २६ जानेवारीला वर बांधलेला ध्वज दोरी ओढून फडकवतात, कारण १९५० साली या दिवशी राज्यघटना लागू झाली तेव्हा देश आधीच स्वतंत्र होता. बुऱ्हाणपूरकरांसाठी १५ ऑगस्ट दुहेरी आहे : २००३ साली याच तारखेला खंडव्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला.

राज्याचे दिवस वेगळे
१ नोव्हेंबर १९५६ ला आजच्या मध्य प्रदेशाची रचना झाली. त्याआधी बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती. विदर्भ तिकडे गेला, निमाड इकडे राहिला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणून महाराष्ट्र दिन रावेरला सरकारी सुट्टीचा, बुऱ्हाणपुरात नाही. घरोघरी मराठी बोलली जात असली तरी सुट्टी भाषेवर ठरत नाही.

पगाराचं काय?
महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकान, हॉटेल, ऑफिसात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या.

कायदा कामाच्या जागेचा लागतो, राहत्या घराचा नाही. म्हणजे रावेरच्या अशा दुकानात काम करणारा बुऱ्हाणपूरचा माणूस १ मे चा पगार मागू शकतो. रावेरहून रोज बुऱ्हाणपूरला येणाऱ्याला मात्र तो कायदा दाखवता येणार नाही.

यंत्रमागावर मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्याचा माग बंद, तर कमाई बंद. त्यामुळे झेंडावंदनाच्या दिवसाची मजुरी मिळणार का, हे कामावर लागतानाच विचारून घ्यावं.

व्यापाऱ्यांसाठी
बँकांच्या सुट्ट्याही राज्यवार असतात. चेक किंवा हप्त्याची तारीख १ मे च्या आसपास असेल, तर दोन्ही राज्यांची यादी आधी बघावी.