हॉर्न बँड (जॅझ-रॉक)

हॉर्न बँड : रॉकच्या गिटार-ड्रम्सबरोबर ट्रंपेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन यांचा कायमचा ताफा बाळगणारे वाद्यवृंद. बहराचा काळ सुमारे १९६८ ते १९७४. मुख्य भूमी अमेरिका. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी रीडमुळे तो काष्ठवाद्यांत मोडतो. वादकांच्या बोलीत मात्र तोही ‘हॉर्न’च.

न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली अल कूपर याने ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ उभा केला. पहिल्या एलपीनंतर तो बाहेर पडला, गायक डेव्हिड क्लेटन-थॉमस आला, आणि बँडचेच नाव असलेल्या दुसऱ्या एलपीने इतिहास घडवला. फ्रेंच संगीतकार एरिक सातीच्या सुरावटीपासून जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या गाण्यापर्यंत सारे त्या एका तबकडीवर नांदते. बीटल्सचा ‘ॲबी रोड’ स्पर्धेत असतानाही १९७० चा सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी याच एलपीला मिळाला. त्यातल्या ‘स्पिनिंग व्हील’मध्ये लू सोलॉफचा ट्रंपेट मध्येच उसळून वर जातो, रेडिओसाठी काढलेल्या छोट्या तबकडीतून नेमका तोच तुकडा कापला होता.

शिकागो शहरातला ‘शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी’ याहून धाडसी. त्याचा १९६९ चा पहिलाच अल्बम दोन तबकड्यांचा. पुढे शहराच्या परिवहन संस्थेने कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्याने नाव नुसते ‘शिकागो’ उरले. ली लॉकनेन (ट्रंपेट), जेम्स पँको (ट्रॉम्बोन) आणि वॉल्टर पॅराझेडर (सॅक्सोफोन, बासरी) हे तिघे जणू एकाच श्वासात वाजवतात. १९७० च्या दुसऱ्या अल्बममध्ये पँकोची सात भागांची सलग रचना आहे. ‘मेक मी स्माइल’ हे लोकप्रिय गाणे तिचीच दोन टोके जोडून केलेले. मधला सारा विस्तार सलग असा एलपीवरच भेटतो. म्हणून हे संगीत गाण्यागाण्याने नव्हे, बाजू-बाजूने ऐकावे.

बिल चेस याच्या ‘चेस’मध्ये तर चार ट्रंपेट होते. १९७४ च्या विमान अपघातात तो आणि त्याचे काही साथीदार गेले. पुढे शिकागोही संथ प्रेमगीतांकडे वळला.

तबकडीवर पितळी वाद्ये नोंदवणे अवघड. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याशा जागेत ट्रंपेटची धारदार वरची कंपने कोंबली जातात आणि सुई झिजलेली असेल तर सूर फाटतो. शिकागोच्या पहिल्या अल्बमची चौथी बाजू चौदा मिनिटांहून लांब अशा ‘लिबरेशन’ने संपते, सुईची खरी परीक्षा तिथे. उलट सुई चांगली असेल तर ट्रॉम्बोनचा खर्ज छातीत जाणवतो आणि तिन्ही हॉर्न वेगवेगळे उभे दिसतात.

गोव्याच्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतात वाजवलेल्या ट्रंपेटवर वाढलेल्या आपल्या कानाला हा नाद परका वाटत नाही. जुनी प्रत घेताना लाल लेबलवर ‘३६० साउंड’ ही अक्षरे पाहावीत. ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ व शिकागो यांच्या तबकड्या काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या १९७० पर्यंतच्या छपाईची ती खूण. पण लेबलापेक्षा खाचांची अवस्था महत्त्वाची : तबकडी उजेडात तिरपी धरून आतली कड आधी तपासावी.