‘बाकी कचरा’

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर भंगारवाल्याची हातगाडी उभी राहते आणि तिच्यावर एखादा तरी पातळ काळा टीव्ही आडवा पडलेला असतो. यंदा माझाही जाणार होता. ३२ इंची एलसीडी, २००९ साली हप्त्यांवर घेतलेला, काच कोपऱ्यातून तडकलेली. भंगारवाला म्हणाला, दोनशे. मी सहज विचारलं, याचं करतोस काय? तर म्हणाला, "बोर्ड निकालेंगे, पत्रा निकालेंगे, बाकी कचरा."

हे "बाकी" डोक्यात राहिलं. पत्रकाराची खोड, दुसरं काय.

आधीच्या डबा टीव्हीत "बाकी" फारसं नसायचं. मी तालुक्याच्या गावचा. १९८७ ला रामायण लागायचं तेव्हा अख्खी आळी एका संचापुढे बसायची आणि तो बंद पडला तर दुरुस्तच व्हायचा. फेकणं कुणाच्या मनातही यायचं नाही. इकडे उपनगरात तर टीव्ही हा घरचाच धंदा. ओनिडा १९८१ ची, अंधेरीची. पिक्चर ट्यूब गेली तरी ती पुन्हा भरून मिळायची. जुन्या कॉम्प्युटर मॉनिटरच्या ट्यूबमधून स्वस्तातले छोटे टीव्ही बनायचे. ट्यूबच्या काचेत शिसं होतं, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

एलसीडीची गोष्ट खरं तर त्याहून जुनी. १८८८ साली प्रागमध्ये राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होता. ते १४५ अंशांच्या आसपास वितळलं पण गढूळच राहिलं आणि १७८ च्या पुढे जाऊन स्वच्छ झालं. हा मधला गढूळ द्रव म्हणजे लिक्विड क्रिस्टल. त्याचा पडदा करायला माणसाला आणखी ८० वर्षं लागली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीने तो दाखवला. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगभरात एलसीडी टीव्हीचा खप डबा टीव्हीच्या पुढे गेला.

आपल्याकडे तो आला तो बराचसा सहार विमानतळावरून. आठवतंय ना? दुबई-बँकॉकहून येणारा प्रत्येक दुसरा पाहुणा खांद्याएवढा खोका घेऊन बाहेर पडायचा. सरकारने २६ ऑगस्ट २०१३ पासून ती सवलत काढून ३५ टक्के ड्यूटी लावली, तेव्हा कुठे ते थांबलं. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१२ ला, मुंबईत केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. बॉक्स घ्यायचाच आहे तर टीव्हीही नवा घेऊ, असं कितीतरी घरांत झालं. आज माळ्यावर पडलेले संच बहुतेक याच काळातले.

अडचणही याच काळाची आहे. लिक्विड क्रिस्टल स्वतः उजेड देत नाही, मागून दिवा लागतो. आता तिथे एलईडीच्या पट्ट्या असतात. साधारण २०१०-११ पर्यंतच्या संचांत पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या नळ्या असायच्या आणि त्या नळ्यांत पारा. नियमाने मध्यम लांबीच्या एका नळीत ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. ३२ इंची संचात अशा डझनभर नळ्या सापडतात. उगाच घाबरवत नाही. तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये याच्या कितीतरी पट पारा असायचा, एका संचाने घरात कुणी आजारी पडणार नाही. पण साकीनाक्याच्या किंवा कुर्ल्याच्या गल्लीत, खिडकी नसलेल्या खोलीत, जो पोरगा हातोड्याने दिवसाला असे वीस संच फोडतो त्याचं काय?

कायदा आला, पण उशिरा. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, लागू झाले १ मे २०१२ ला. मग २०१६ चे. आताचे २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. या नव्या नियमांत कंपनीने आपल्या मालाच्या प्रमाणात रिसायकलिंगची प्रमाणपत्रं विकत घ्यायची आहेत. ती मिळतात चार धातूंवर: सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. म्हणजे भंगारवाला जे बोलला तेच नियमांच्या भाषेत. पॅनलची काच, तिच्यावरचा इंडियमचा थर, आतलं क्रिस्टल, हे सगळं "बाकी".

बाहेर असं नाही. जपानने एप्रिल २००९ मध्येच एलसीडी टीव्ही घरगुती रिसायकलिंगच्या कायद्यात घेतला. युरोपात पाऱ्याच्या नळ्या वेगळ्या काढणं बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी तर पडद्यातलं पॉलिमर काढून ते औषधोपचारात वापरता येईल असं दाखवलं.

आणि इथे ज्यांना हे काम येतं त्यांची नोंद कुठे? २०१६ च्या नियमांत माल गोळा करणारे आणि सुटा करणारे यांना वेगळी जागा होती. २०२२ च्या नोंदणीत उत्पादक, ब्रँडवाली कंपनी, रिफर्बिशर आणि रिसायकलर एवढेच. गल्लीतला माणूस कागदावरून गेला. रिफर्बिशर म्हणून नोंद करता येते, हे खरं. पण आठ बाय दहाच्या दुकानातला मेकॅनिक दिल्लीच्या पोर्टलवर कधी जाणार?

शेवटी माझा टीव्ही मी घाटकोपरच्या अशाच एका मेकॅनिककडे नेला. या लोकांचा हिशोब साधा असतो. एकाचा पॅनल फुटतो, दुसऱ्याचा बोर्ड जळतो, दोन मेलेल्यांतून एक जिवंत होतो. लॅपटॉपचा जुना पडदा चांगला असेल तर पाठीमागे युनिव्हर्सल बोर्ड लावून त्याचा मॉनिटर करतात. नळ्या गेल्या असतील तर एलईडीची पट्टी बसवतात. पडद्यामागची पांढरी शीट आणि ॲक्रिलिकसुद्धा बोर्ड बनवणारे घेऊन जातात.

त्याने माझा संच उघडला आणि म्हणाला, "साहेब, पॅनल संपला. पण नळ्या आणि बोर्ड चालू आहेत. कांजूरच्या एका आजोबांचा हाच मॉडेल माझ्याकडे पडलाय, पॅनल चांगला आहे त्याचा."

गेल्या आठवड्यात आजोबांचा टीव्ही सुरू झाला. माझी तडकलेली काच मात्र दुकानामागे भिंतीला टेकून उभी आहे. तिला अजून गिऱ्हाईक नाही.