पदवीपूर्व संशोधन व अध्यापकीय मार्गदर्शन

पदवीपूर्व संशोधन : पदवी परीक्षेचा अभ्यासक्रम पुरा करीत असतानाच विद्यार्थ्याने एखाद्या अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली केलेले संशोधन व त्यासाठी विद्यापीठांनी केलेली श्रेयांक, विद्यावेतन, छात्रवृत्ती इत्यादींची व्यवस्था. प्रयोगशाळेतील नेहमीच्या प्रात्यक्षिकाहून ते भिन्न असते. प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठाऊक असते आणि विद्यार्थ्याने केवळ त्यापर्यंत पोहोचावयाचे असते. संशोधनात ते मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. त्यामुळे येथे अध्यापकाचे काम विषय समजावून देण्यापुरते उरत नाही. सुटण्याजोगा प्रश्न निवडणे, चुकीच्या वाटेने किती काळ जाऊ द्यावे हे ठरविणे आणि फलितात विद्यार्थ्याचा वाटा किती हे प्रामाणिकपणे नोंदविणे, या गोष्टी त्याच्यावर येतात. त्यांस लागणारा वेळ मोठा असतो. या योजनांचा इतिहास बऱ्याच अंशी हा वेळ कोणी, कोणाला व कशाच्या बळावर द्यावयाचा याचाच इतिहास आहे.

या प्रथेचे मूळ जर्मन विद्यापीठांत सापडते. अठराव्या शतकात गटिंगेन येथे भाषाशास्त्राचे चर्चासत्र सुरू झाले होते. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठामागे अध्यापन व संशोधन यांच्या ऐक्याची विल्हेल्म फोन हंबोल्ट यांची कल्पना होती. तिला प्रयोगशाळेत मूर्त रूप दिले ते यूस्टुस फोन लीबिक यांनी. १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेन येथे प्राध्यापक झाले. तेथे तयारीच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रश्न दिला जाई आणि आदल्या दिवशी काय केले व आज काय करावयाचे याचा वृत्तांत लीबिक रोज सकाळी त्याच्याकडून ऐकत. पदवीपूर्व व पदव्युत्तर असा आजचा भेद गीसेनमध्ये नव्हता. तथापि नियमित भेट व तोंडी वृत्तांत ही मार्गदर्शनाची रीत तेथून पुढे सर्वत्र पसरली.

लीबिक यांचे शिष्य आउगुस्ट व्हिल्हेल्म फोन होफमान हे १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचे प्रमुख झाले. त्यांचा विद्यार्थी विल्यम हेन्‍री पर्किन याने १८५६ मध्ये, ईस्टरच्या सुटीत, आपल्या घरच्या छोट्या प्रयोगशाळेत क्विनीन तयार करण्याचा प्रयत्न चालविला होता. ही कल्पना मूळची होफमान यांची. क्विनीन हाती आले नाही. आला तो जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग पुढे त्यातूनच उभा राहिला. अठरा वर्षांच्या या शिष्याने अभ्यास सोडून कारखाना काढावा हे मात्र गुरूला रुचले नाही. मार्गदर्शकाचा हेतू आणि विद्यार्थ्याचा मार्ग यांत असा फाटा फुटण्याची ही पहिली वेळ नसावी, शेवटची तर नव्हतीच.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओबर्लिन महाविद्यालयाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक फॅनिंग जूएट हे गटिंगेन येथे शिकलेले होते. तेथे त्यांची ॲल्युमिनियमवर आरंभीचे कार्य करणारे फ्रीड्रिख व्हलर यांच्याशी गाठ पडली होती. हा धातू स्वस्तात मिळविण्याची रीत जो शोधील त्याचे भाग्य उजळेल, असे ते वर्गात सांगत. चार्ल्स मार्टिन हॉल या विद्यार्थ्याने ते मनावर घेतले. जूएट यांनी त्याला आपली प्रयोगशाळा, साहित्य व सल्ला मोकळेपणाने दिला. १८८५ मध्ये पदवी मिळाल्यावर हॉलने घरच्या लाकडाच्या कोठीत प्रयोग चालू ठेवले. रसायनशास्त्र शिकलेली त्याची बहीण जूलिया हिची त्यात मदत होती. फेब्रुवारी १८८६ मध्ये विद्युत् विच्छेदनाने ॲल्युमिनियम निघाले. फ्रान्समध्ये पॉल एरू यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तीच रीत शोधल्याने ती दोघांच्या नावे ओळखली जाते. हॉलने पुढे आपल्या मृत्युपत्रान्वये महाविद्यालयास मोठी संपत्ती दिली. जूएट यांच्या साहाय्यामागे कोणताही नियम वा योजना नव्हती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. ते एका अध्यापकाचे औदार्य होते आणि ज्याला असा अध्यापक लाभला नाही त्याला दुसरा उपाय नव्हता.

विसाव्या शतकात या औदार्याला संस्थात्मक रूप येऊ लागले. स्वॉर्थमोर महाविद्यालयात फ्रँक एडेलॉट यांनी १९२२ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर विशेष प्रावीण्याचा अभ्यासक्रम सुरू केला आणि परीक्षक बाहेरून बोलाविले. परिणामी अध्यापक व विद्यार्थी एका बाजूस आले. प्रिन्स्टनमध्येही त्याच दशकात अंतिम वर्षाच्या प्रबंधिकेची प्रथा पडली.

या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी योजना मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जन्मली. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी हार्व्हर्डचे शिक्षण पदवी न घेताच सोडले होते. १९५७ मध्ये या संस्थेत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी, प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशापासूनच स्वतःचा संशोधनप्रश्न मिळावा, असे प्रतिपादन केले. उत्तम व्याख्याने चित्रपटावर टिपून ठेवावी, अशीही त्यांची एक सूचना होती. १९६९ मध्ये भौतिकीच्या तरुण अध्यापिका मार्गारेट मॅकव्हिकर यांनी लँड यांच्या आर्थिक साहाय्याने पदवीपूर्व संशोधनसंधीची योजना प्रत्यक्षात आणली. मॅकव्हिकर (१९४३–९१) याच संस्थेच्या विद्यार्थिनी होत्या व अखेरपर्यंत त्यांनी ही योजना चालविली. १९८५ मध्ये त्या पदवीपूर्व शिक्षणाच्या अधिष्ठाता झाल्या.

योजनेची रचना साधी होती. विद्यार्थ्याने अध्यापकाकडे स्वतः जावे, दोघांनी विषय ठरवावा, विद्यार्थ्याने लेखी प्रस्ताव द्यावा व अध्यापकाने त्यास मान्यता द्यावी. कामाबद्दल श्रेयांक किंवा वेतन यांपैकी एकच घेता येते; दोन्ही न घेता स्वेच्छेनेही काम करता येते. गुणवत्तेची चाळणी लावून मोजके विद्यार्थी निवडण्याचा मार्ग येथे पत्करला नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. वेतन बहुधा मार्गदर्शकाच्या संशोधन अनुदानातून जाते, त्यामुळे अध्यापकालाही त्यात स्वारस्य राहते. अर्थात याच सोयीत धोकाही आहे. विद्यार्थी हा शिकणारा न राहता काचपात्रे धुणारा स्वस्त मदतनीस बनू शकतो. मोठ्या प्रयोगशाळांत दैनंदिन मार्गदर्शन प्राध्यापकाऐवजी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जाते. शिवाय अध्यापकाची बढती मुख्यतः त्याच्या प्रकाशित लेखनावर ठरते; शिष्यावर खर्चिलेले तास तीत क्वचितच मोजले जातात. मॅकव्हिकर यांच्या निधनानंतर पदवीपूर्व अध्यापनासाठी त्यांच्या नावे अधिछात्रपदे देण्यात येऊ लागली, ती ही उणीव अंशतः भरून काढतात.

पुढील काळात योजनांची संख्या वाढली. १९७८ मध्ये पदवीपूर्व संशोधन परिषद स्थापन झाली व १९७९ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने उन्हाळी अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८७ पासून इतर संस्थांतील विद्यार्थ्यांनाही सामावून घेणाऱ्या केंद्रांना अनुदान दिले. तथापि प्राध्यापकाचे दार स्वतः ठोठावण्याचे धैर्य बहुधा सुशिक्षित घरातील मुलांत असते. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत मृत्यू पावलेले अंतराळवीर रॉनल्ड मॅकनेअर यांच्या नावाची केंद्र शासनाची योजना याच अडचणीवर उपाय म्हणून आखली गेली. घरातील पहिल्याच पिढीतील, अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना त्यात मार्गदर्शक नेमून दिला जातो.

भारतात १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावरील परीक्षा घेणारी मंडळे होती; शिकविणे महाविद्यालयांकडे होते. स्वातंत्र्योत्तर काळात संशोधनाचा मोठा भाग राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे गेला आणि पदवीचे वर्ग त्यापासून आणखी दुरावले. ही दरी सांधण्याचे प्रयत्न उशिरा झाले. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी सुट्यांत येऊन नेमलेल्या मार्गदर्शकाकडे दीर्घ मुदतीचा प्रकल्प करीत. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (स्थापना २००६) पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे अखेरचे वर्ष प्रबंधाचे असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची चौकट प्रसिद्ध केली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करता येते. मॅसॅचूसेट्समध्ये टाळलेली गुणांची चाळणी येथे प्रवेशद्वारीच आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकास आठवड्यास १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांस १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. संलग्न महाविद्यालयात परीक्षा, प्रवेश व कार्यालयीन कामे यांचा भार त्याशिवाय असतो. प्रयोगशाळा वा समृद्ध ग्रंथालय नसलेल्या तालुक्याच्या गावी चौथ्या वर्षाचा वर्ग उघडणे सोपे आहे. तेथील विद्यार्थ्याचा आठवड्याचा वृत्तांत ऐकण्यासाठी अध्यापकाला मोकळा तास मिळवून देणे अवघड जाते.