अर्धा पैसा कोणाचा? चलन-रूपांतराचा हिशेब आणि संगणक

आज आपण वरवर अगदी सोप्या वाटणाऱ्या गोष्टीकडे पाहणार आहोत. एका चलनातली रक्कम दुसऱ्या चलनात मांडायची. दर घ्या, गुणा, झालं! संगणकाला एवढं शिकवायला कितीसा वेळ लागणार? पण आमचं म्हणणं असं, की गुणाकार हा यातला सर्वांत छोटा भाग आहे. बाकीचे सगळे निर्णय आहेत, आणि प्रत्येक निर्णयात कोणाच्या तरी पदरचं थोडंसं जातं.

१ एप्रिल १९५७ या दिवशी आपल्याकडे दशमान नाणी आली. रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नये पैसे झाले. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा पैसे. आता पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्ते छापले गेले: १ आणा म्हणजे ६ नये पैसे, २ आणे म्हणजे १२, ३ आणे म्हणजे १९, ४ आणे म्हणजे २५. दोन आण्यांकडे जरा बघा. खरं उत्तर साडेबारा, तक्त्यात मात्र १२. बरोबर अर्धा पैसा उरला तर तो सोडून द्यायचा, असा नियम. देणाऱ्याचा फायदा, घेणाऱ्याचा तोटा. आणि कोणी एकेक आणा मोडत बसला, तर १६ आण्यांचे ९६ पैसे होणार. एकदम रुपया मोडला तर पूर्ण १००. दर तोच, नियम तोच. पूर्णांक कुठल्या टप्प्यावर करायचा, एवढ्यावरून चार पैसे गेले.

त्याच सुमारास मराठवाड्यात आणखी एक हिशेब चालू होता. निजामाचा हाली सिक्का १९५९ पर्यंत भारतीय रुपयाबरोबर, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘कलदार’बरोबर, चालत होता. सात हालींना सहा कलदार. मग १०० कलदारांचे हाली किती? ११६ आणि वर दोन तृतीयांश. दशांशात लिहायला जा, सहा संपतच नाहीत. पण सातास सहा हे गुणोत्तर तसंच ठेवलं तर गणितात काहीच गळत नाही. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकात तर साधा एक दशांशसुद्धा नेमका मावत नाही. म्हणून पैशाचा हिशेब पूर्णांकांत किंवा दशमान पद्धतीत ठेवतात. त्यातही रुपयाला दोन दशांश स्थळं, जपानी येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन. ‘सगळीकडे दोन’ असं प्रोग्राममध्ये कोरून ठेवलं की फसलात.

हाच प्रश्न पुढे युरोपात अकरा देशांपुढे एकदम आला. १ जानेवारी १९९९ पासून युरो सुरू व्हायचा होता, आणि नोटा-नाणी हातात यायला अजून तीन वर्षं होती. तोवर सगळं रूपांतर मुख्यतः कागदावर आणि संगणकातच. त्यासाठी जून १९९७ मध्येच युरोपीय संघाने ११०३/९७ क्रमांकाचं नियमन काढलं. ते कायदा म्हणून वाचलं तर रूक्ष आहे. प्रोग्रामचा आराखडा म्हणून वाचा, फार सुंदर आहे. दर सहा सार्थ अंकांचा: एका युरोला १.९५५८३ मार्क, ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक, १९३६.२७ लिरा. हा दर छाटायचा नाही, पूर्णांकित करायचा नाही. उलटा दर काढून वापरायचा नाही. फ्रँकचे मार्क करायचे तर आधी युरो करायचे, तिथे किमान तीन दशांश स्थळं राखायची आणि मग मार्क. बरोबर अर्धा सेंट उरला तर वर न्यायचा. आपल्या १९५७ च्या नियमाच्या नेमकं उलट! यातलं ‘खरं’ कोणतं, असं विचारण्यात अर्थ नाही. नियम आधी लिहिलेला आहे का आणि तो सर्वांना सारखा लागू आहे का, हे विचारायचं.

उलट्या दरावर एवढा राग का? दहा लाख लिरा घ्या. १९३६.२७ ने भागलं तर ५१६.४६ युरो येतात. पण कोणी ‘सोय’ म्हणून ०.०००५१६ हा उलटा दर धरला आणि गुणलं, तर ५१६ युरो. ४६ सेंट हवेत विरले. एका खात्यात हे क्षुल्लक. कोट्यवधी खात्यांत ते कोणाच्या तरी खिशात जातात.

आणखी एक गंमत. १० लिरांचे युरो करा: ०.००५१६, म्हणजे नियमाप्रमाणे १ सेंट. त्याच सेंटचे परत लिरा करा: १९! गेलात दहा घेऊन, आलात एकोणीस घेऊन. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही समानता दोन्ही बाजूंनी चालते असं सांगत आलो. इथे ती चालत नाही. ‘बरोबर आहे’ ही खूण या हिशेबात एकेरी रस्ता आहे.

आता प्रोग्रामकडे वळू. केंट बेक यांनी २००२ मध्ये चाचणी आधी आणि प्रोग्राम नंतर लिहिण्याच्या रीतीवर पुस्तक लिहिलं. त्यातलं पहिलं मोठं उदाहरण चलनाचंच आहे. ५ डॉलर अधिक १० स्विस फ्रँक बरोबर १० डॉलर, दर दोनास एक असेल तर. या ‘असेल तर’कडे लक्ष द्या. दर प्रोग्रामच्या पोटात नाही, तो अटीसारखा बाहेरून येतो. १९७३ नंतर प्रमुख चलनांचे दर बाजारावर तरंगू लागले. आज खरा बाजारभाव विचारून चाचणी घेतली तर उद्या ती विनाकारण नापास होईल. म्हणून चाचणीला दोनास एक असा ठरवलेला दर द्यायचा. प्रत्यक्ष कामात त्याच जागी बाजाराचा दर बसवायचा. बेक यांच्या रचनेत दर सांभाळते ती ‘बँक’. आणि ५ डॉलर अधिक १० फ्रँक ही बेरीज, बँकेपर्यंत पोचेस्तोवर, बेरीजच राहते. तिचा आकडा होत नाही. घाईने आकडा केला की आण्यासारखं होतं, वाटेत पैसे सांडतात.

तर मग चाचणीत काय काय घालावं? आमच्या मते वरची सगळी उदाहरणं: २ आण्यांचे १२ पैसे, दहा लाख लिरांचे ५१६.४६ युरो, १० लिरांचे परत १९. शेवटचं उत्तर विचित्र दिसतं म्हणून कोणी ते ‘दुरुस्त’ करू नये, यासाठी तर ते आवर्जून लिहून ठेवायचं.

आणि एक राहिलंच. जर्मनीची बुंडेसबँक जुने मार्क आजही बदलून देते, मुदत नाही, दर तोच. इटलीत लिरा बदलायची मुदत फेब्रुवारी २०१२ पर्यंत होती. सरकारने डिसेंबर २०११ मध्येच ती अचानक संपवली. ज्यांच्या कपाटात नोटा राहिल्या त्यांच्यासाठी १९३६.२७ हा दर कायद्यात होता, पण खिडकी बंद. अशा वेळी प्रोग्रामनं शून्य असं उत्तर द्यायचं नाही. ‘दर आहे, रूपांतर होणार नाही’ असं स्पष्ट सांगायचं, आणि तारखेसकट.