साठवलेला दाब : पहिल्या विरार गाडीपासून बोळिंजच्या घरातील कॉम्प्रेसरपर्यंत

१/१६
१२ एप्रिल १८६७. विरार ते मुंबईतील बॅकबे अशी बीबीसीआय रेल्वेची उपनगरी गाडी धावू लागली. दिवसाला जाण्याची एक फेरी, येण्याची एक. त्या काळी जगभर गाडी थांबवण्याचा मुख्य उपाय म्हणजे हाताने आवळायचे ब्रेक. आज त्याच विरारच्या फलाटावर लोकल थांबते ती दाबलेल्या हवेच्या बळावर. आणि स्थानकाच्या पश्चिमेस, आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेवरील बोळिंजमध्ये, तीच हवा आता घरातील लहानशा टाकीत येऊन बसली आहे. तिच्या या प्रवासाचा, आणि त्यातून मिळालेल्या धड्यांचा, हा इतिहास.

२/१६
हवेला कामाला लावण्याची कला फार जुनी आहे. लोहाराचा भाता हे तिचे आद्य यंत्र. संगीत नाटकाच्या पेटीलाही भाताच असतो. परंतु भाता हवा साठवून ठेवत नाही. हात थांबला की वारा थांबतो आणि निखारा मंदावतो. कॉम्प्रेसरची गोष्ट वेगळी. मोटर बंद केली, वीज गेली, माणूस घरी निघून गेला, तरी टाकीतील दाब तसाच राहतो. या यंत्राचा सारा उपयोग आणि सारा धोका या एका फरकात आहे.

३/१६
सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत ओटो फोन गेरिके याने हवेचा पंप घडवला आणि हवेला किती जोर असतो, हे लोकांना दाखवून दिले. पुढे १६७९ मध्ये फ्रेंच संशोधक डेनी पापँ याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक बंद भांडे मांडले. वाफेच्या दाबाखाली हाडेही मऊ शिजवणारे हे भांडे म्हणजे प्रेशर कुकरचा पूर्वज. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्याला वजन ठेवलेली झडप बसवली. दाब मर्यादेबाहेर गेला की झडप उचलली जाई. आजच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे कूळ तिथून सुरू होते.

४/१६
आता सह्याद्रीकडे वळू. १८५६ मध्ये बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले. पंचवीस बोगदे, आणि हत्यारे कोणती? छिन्नी, हातोडा, पहार आणि बंदुकीची दारू. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. काळ्या कातळातील प्रत्येक सुरुंगाचे भोक मजुरांनी हाताने पाडले होते. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतील हजारो जण दगावले.

५/१६
नेमक्या त्याच वर्षांत फ्रान्स आणि इटली यांच्या सीमेवर आल्प्सखालून माँ सेनी बोगदा खणला जात होता. आरंभ १८५७, तोही हातानेच. १८६१ पासून मात्र जेर्मां सोमेइए याने तेथे दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रे लावली. पाण्याच्या बळावर हवा दाबली जाई आणि नळांतून बोगद्याच्या तोंडापासून आत दूरवर नेली जाई. काम करून सुटलेली तीच हवा मजुरांना श्वासालाही उपयोगी पडे. बोगदा १८७१ मध्ये पूर्ण झाला. दाबलेली हवा शक्ती दूर वाहून नेऊ शकते, हे जगाने तेथे पाहिले.

६/१६
त्याच नळांच्या वार्तेवरून अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याला हवेच्या ब्रेकची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १८६९ मध्ये त्याने पेटंट घेतले. पहिल्या रचनेत एक उणीव होती : नळी तुटली की ब्रेकच जाई. १८७२ च्या सुधारित रचनेत त्याने ही गोष्ट उलटी केली. नळी तुटली, दाब गेला, की ब्रेक आपोआप लागावा. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे तत्त्व पुढे यंत्रशास्त्राचा पाया ठरले.

७/१६
जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. आजच्या लोकलच्या डब्याखाली कॉम्प्रेसर असतो. ब्रेक त्याच्याच हवेवर लागतात आणि पेंटोग्राफही तीच हवा वर उचलते. गाडी फलाटावर उभी असताना खालून येणारी घरघर आणि मध्येच सुटणारा ‘फुस्स’ असा आवाज त्या हवेचाच. वसई-विरारचा चाकरमानी पिढ्यान् पिढ्या कॉम्प्रेसरच्या सोबतीने प्रवास करत आला आहे.

८/१६
हवेची दुसरी वाट रस्त्याने आली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर केला. (रॉबर्ट थॉमसन याने अशीच कल्पना १८४५ मध्येच मांडली होती, ती मागे पडली होती.) किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ मोजतो तोही १८८८ पासूनच, आणि तोही सायकलीपासून! लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या बंधूंचे बेळगावातील सायकलचे दुकान हे त्या उद्योगाचे बीज होते.

९/१६
त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९५८ मध्ये, याच समूहाने पुण्यात किर्लोस्कर न्युमॅटिक ही कंपनी स्थापली. एअर कॉम्प्रेसर मराठी मुलखात घडू लागले. मोठ्या कारखान्यांमागोमाग लहान यंत्रे आली : टायर-पंक्चरच्या टपरीत, सुताराच्या खिळे ठोकण्याच्या बंदुकीमागे, पेणच्या कार्यशाळांत गणेशमूर्ती रंगवणाऱ्या स्प्रेगनमागे. आता ती बोळिंजच्या बैठ्या घरांच्या पडवीत आणि उंच इमारतींच्या गाळ्यांतही आहेत.

१०/१६
या प्रवासाची दुसरी बाजू अपघातांची आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात वाफेच्या बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेक जण मरण पावले. चौकशी झाली आणि १८६४ मध्ये बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. मात्र प्रत्येकाचे नियम निराळे. अखेर १९२३ मध्ये संपूर्ण देशासाठी भारतीय बॉयलर अधिनियम आला. दाबाखालील भांडे मालकाच्या भरवशावर सोडता येत नाही, ही जाणीव अशी माणसे गमावून आली.

११/१६
१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३१ ने हीच शिस्त दाबावर चालणाऱ्या सर्व यंत्रांना लावली : सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये, याची जबाबदारी कारखानदाराची. पण विजेवर काम चालत असेल तर किमान दहा कामगार असल्यावरच त्या कायद्याने ‘कारखाना’ मानला. पडवीत एकट्याने काम करणारा कारागीर त्या चौकटीत कधीच आला नाही. त्याच्या टाकीकडे पाहायला तपासनीस येत नाही. ते काम त्याचे त्यालाच करावे लागते.

१२/१६
ती टाकी लहान दिसते. पण २४ लिटरच्या टाकीत ८ बार, म्हणजे दुकानातल्या भाषेत सुमारे ११५ पौंड, दाब असेल तर फुटताना सुटणारी ऊर्जा साधारण २५ किलोजूल भरते. पन्नास किलोचे पोते पन्नास मीटर, म्हणजे सोळा-सतरा मजले उंच, उचलण्याइतकी! तेवढ्याच दाबाच्या पाण्यात ही ऊर्जा नगण्य असते, कारण पाणी फारसे दबत नाही. म्हणूनच टाकीची मजबुती हवेने न तपासता पाण्याने तपासतात. हायड्रोटेस्टमागचे कारण एवढेच.

१३/१६
बोळिंजला आणखी एक शत्रू आहे : समुद्राची दमट हवा. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ती हवा दाबून थंड झाली की त्यातील वीसेक ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारे यंत्र सलग तासभर चालले, तर सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला पाणी! ते तळाशी साचते आणि पोलाद आतून गंजवते. बाहेरचा रंग मात्र नवाकोरा दिसत राहतो.

१४/१६
म्हणून मांडणीपासूनच शिस्त हवी. यंत्र सपाट आणि हवेशीर जागी, भिंतीपासून हातभर दूर ठेवावे; रंगाच्या वाफा आणि लाकडाचा भुसा यांपासून लांब. अर्थिंग असलेला, पुरेशा क्षमतेचा सॉकेट असावा. बारीक वायरीचे लांब एक्स्टेन्शन लावल्यास मोटर तापते. त्याऐवजी हवेची नळी लांब घ्यावी. हवेच्या लाइनसाठी पीव्हीसी पाइप कधीही वापरू नये. तो फुटला की त्याचे टोकदार तुकडे उडतात. जुन्या सिलिंडरला फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडून केलेला जुगाड, किंवा भंगारातून आणलेली, दाबाची मर्यादा कोरलेली पट्टी नसलेली टाकी, ही तर १८६३ पूर्वीच्या काळात परत जाण्याची वाट.

१५/१६
वापरताना डोळ्यांवर चष्मा असावा. रंगकामात योग्य मास्कही. रेग्युलेटरने दाब अवजाराच्या मर्यादेइतकाच ठेवावा. नळी जोडण्या-सोडण्यापूर्वी दाब उतरवावा. अंगावरील धूळ हवेने झटकू नये. हवा कातडीखाली शिरू शकते, डोळा आणि कान जायबंदी करू शकते. चेष्टेत कोणाच्या अंगाला नळी लावणे जीवघेणे ठरले आहे. देशातील कारखान्यांत अशाने माणसे दगावली आहेत. पापँची झडप अजूनही टाकीवर आहे. ती गळते म्हणून तिच्या जागी बोल्ट ठोकणे म्हणजे टाकीचा शेवटचा रखवालदार घालवणे.

१६/१६
काम संपले की वीज बंद करावी, हवा सोडावी, तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून पाणी काढावे. तेलावर चालणाऱ्या यंत्रात तेलाची पातळी पाहावी. एअर फिल्टर साफ ठेवावा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ओढून ती मोकळी आहे, याची खात्री करावी. टाकीला गंजाचा फोड किंवा बारीक गळती दिसली तर वेल्डिंग करू नये, टाकी बदलावी. रेल्वेच्या डब्यावर मागील दुरुस्तीची आणि पुढील तपासणीची तारीख रंगवलेली असते. विरारच्या प्रत्येक लोकलवर ती वाचता येते. बोळिंजच्या घरातील टाकीवरही तशा दोन तारखा रंगवायला एक कुंचला आणि दोन मिनिटे पुरतात.