पोचल्याची तोफ

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, पन्हाळा-पावनखिंड करायचाय, पहिलाच ट्रेक." आनंद झाला, आणि पोटात जरा गोळाही आला.

आमच्या इस्लामपूरच्या शाळेत (२०२५ साली गावाचं नाव ईश्वरपूर करायचं ठरलं, पण आमची शाळा इस्लामपूरचीच!) ही गोष्ट शिकलो ती बाजीप्रभूंच्या पराक्रमाची. ती वाट स्वतः चाललो तेव्हा कळलं, गोष्ट तयारीचीही आहे.

मार्च १६६० पासून पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. पावसाळ्यात तो ढिला पडेल ही आशाही फोल ठरलेली. शेवटी १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, महाराज सुमारे सहाशे मावळे घेऊन निघाले. पण त्याआधी काय काय झालं होतं बघा. शरणागतीची बोलणी लावून शत्रूला गाफील केलं होतं. हेरांनी वाट पाहून ठेवली होती. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला होता, मरणाची तयारी ठेवून. सोबतीला डोंगरातच वाढलेले बांदल. आणि घोडखिंडीत मागे थांबलेल्या बाजीप्रभूंसाठी खूण ठरलेली... विशाळगडावर पोचलो की तोफा होतील.

आणि आम्ही? कॉलेजातले पाच जण. नवेकोरे बूट, एक टॉर्च, वाटाड्या नाही. मसाई पठारावर धुकं असं उतरलं की दहा पावलांवरचा मित्र दिसेना. सपाट पठार, खूण म्हणून झाड नाही, जांभ्यावर शेवाळ. दोन तास गोल गोल फिरलो. एकाचा पाय मुरगळला. शेवटी गुरं वळणाऱ्या एका आजोबांनी खाली वाडीत नेलं, चहा पाजला आणि मनसोक्त शिव्याही घातल्या. घरी मात्र मी एवढंच सांगून निघालो होतो, "येतो उद्यापर्यंत." पोचलो तिसऱ्या दिवशी. आई दारातच बसलेली. म्हणाली, "बाजीप्रभूंना निदान तोफ तरी ऐकू आली होती रे."

असो. तर पुतण्याला सांगितलं, आधी दोन-तीन रविवार आपला मच्छिंद्रगड चढ-उतर कर, त्याच बुटांनी. कोरडे मोजे आणि टॉर्च प्लॅस्टिकच्या पिशवीत. जळवांसाठी मीठ. गावातला माहीतगार माणूस बरोबर हवाच. ओढा गढूळ होऊन चढला असेल तर थांबायचं, पाणी उतरेपर्यंत. त्यात कमीपणा नाही. महाराजांनीही चार महिने वाट पाहिलीच की!

आणि त्या डोंगरात मोबाईलला रेंज येते-जाते. तेव्हा कुठल्या गावातून, किती वाजेपर्यंत फोन करणार आणि नाही आला तर कुणाला कळवायचं, हे कागदावर लिहून आईकडे दे.

"म्हणजे तोफ," तो हसून म्हणाला.

हो बाबा, तोफच. खिंडीत कुणीतरी कान लावून बसलेलं असतं.