मुक्कामाला जागा आहे का?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस, संध्याकाळचे साडेपाच-सहा. औंढ्याच्या बसस्टँडसमोर मी चहा घेत होतो. परभणीच्या गाडीतून एक पोरगा उतरला. वय असेल अठ्ठावीस-तीस. पाठीवर त्याच्या निम्म्या उंचीची बॅग, पायात धुळीनं भरलेले बूट. रंगरूप आपल्यासारखंच, पण बोलला आणि चहावाला माझ्याकडे बघायला लागला. इंग्रजी होतं, पण आपल्या कानाला न झेपणारं.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारपूस केली. पोरगा त्रिनिदादचा निघाला. वेस्ट इंडीजचा. ब्रायन लाराचं गाव म्हटल्यावर चहावाल्यानं त्याचे पैसे घेतले नाहीत. त्र्यंबक, भीमाशंकर, घृष्णेश्वर, परळी करत तो एसटीनं औंढ्याला आला होता. दर्शन घेऊन त्याला दोन दिवस इथंच राहायचं होतं. का, तर म्हणे गाव शांत दिसतंय.

दर्शन झालं. मग आम्ही लॉज शोधायला निघालो. पहिल्या ठिकाणी पासपोर्ट बघितला आणि मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, परदेशी नको. लई झंझट असती." दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी खोल्या रिकाम्या दिसत होत्या, तरी "फुल आहे" म्हणाले.

झंझट खोटी नव्हती. परदेशी पाहुणा ठेवला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. 'सी फॉर्म' म्हणतात त्याला. आमच्याकडच्या छोट्या लॉजवाल्यानं तो कधी भरलेला नसतो. चुकलं तर पोलीस येतील ही भीती.

आता स्वतःचं सांगतो. मला त्याला घरी न्यायचं सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण फॉर्म घरवाल्यालाही चुकत नाही, शेजारी काय म्हणतील, उद्या कुणी विचारलं तर... असा सगळा हिशेब मी दोन मिनिटांत केला आणि त्याला म्हणालो, "नांदेडला भरपूर हॉटेलं आहेत. गुरुद्वारा आहे, तिथं तर नक्की सोय होईल." गाडीला तासभर होता. आम्ही स्टँडच्या बाकड्यावर बसलो. त्या तासाभरात त्यानं जे सांगितलं, त्यानं माझा पिच्छा अजून सोडलेला नाही.

त्याचं गाव वॉटर्लू. त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावर. वेस्ट इंडीजचा समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पांढरी वाळू आणि नारळाची झाडं येतात. ते सगळं उत्तरेला आणि शेजारच्या टोबॅगो बेटावर. पर्यटक तिकडं जातात. याच्या गावात समुद्र उथळ, ओहोटी लागली की लांबपर्यंत नुसता चिखल. मागं एके काळी उसाची शेतं. किनाऱ्यावरच स्मशान, तिथं आजही लाकडाच्या चिता पेटतात. म्हणाला, "पाठीवर बॅग घेऊन फिरणारा एखादाच चुकून आमच्याकडं येतो. आला तर एका गोष्टीसाठी, समुद्रातल्या देवळासाठी."

पुढं मी वाचून खात्री करून घेतली, ती हकिकत अशी.

१८४५ साली, ३० मे रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज हिंदुस्थानातून निघालेले मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी कायद्यानं बंद झाली होती आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. करार करून माणसं नेण्याची ही पद्धत १९१७ पर्यंत चालली. तोवर १ लाख ४० हजारांवर माणसं त्या एका बेटावर पोचली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. प्रत्येकाकडं एक गाठोडं. दोन कपडे, लोटा, कुणाकडं पोथी, कुणाकडं बियाणं. त्याला तिकडं आजही 'जहाजी बंडल' म्हणतात. पोरानं आपली बॅग थोपटून हाच शब्द वापरला, तेव्हा मी चमकलोच. पाच पिढ्यांपूर्वी एक गाठोडं तिकडं गेलं, आणि आज एक गाठोडं इकडं आलं होतं.

या मजुरांतलाच एक, सेवदास साधू. मळ्यात राबणारा साधा माणूस. त्यानं १९४७ साली वॉटर्लूच्या किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. १९५२ साली हुकूम आला, देऊळ पाड. त्यानं नकार दिला. शेवटी देऊळ पाडलं गेलं आणि त्याला १४ दिवसांची कैद झाली.

सुटून आल्यावर त्यानं विचार केला, जमीन कंपनीची, पण समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना! आणि त्यानं समुद्रात भर घालायला सुरुवात केली. ओहोटीच्या वेळी, एकट्यानं, सायकलवरून दगड-सिमेंट वाहून. लोखंडी पिंपांत काँक्रीट भरून पाया केला. लोक वेडा म्हणायचे. वर्षानुवर्षं त्याचं हे चाललं. काम अर्धवट असतानाच तो गेला. १९९५ साली, मजूर येण्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा, स्वतंत्र त्रिनिदादच्या सरकारनं ते देऊळ नीट बांधून काढलं. ज्या राज्यानं एकदा त्याला तुरुंगात टाकलं, तिथंच आता त्याचं नाव मानानं घेतात.

पोरानं हे सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या देवळाची गोष्ट काय?"

मंडळी, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. नामदेव महाराज औंढ्याला आले, देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी हटकलं, इथं नको, मागं जा. नामदेव मागं जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच फिरलं, त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. नंदी मागं राहिला तो म्हणूनच, असं आपले म्हातारे सांगतात. मी ही गोष्ट हजारदा सांगितली असेल. पण त्या दिवशी, तीन लॉजवरून "इथं नको" ऐकून आलेल्या माणसाला ती सांगताना माझी जीभ जड झाली.

दगडाचं देऊळ फिरत नाही, हे मलाही कळतं. इतिहासात काय सापडतं ते सांगतो. देवळाचं मूळ बांधकाम यादवकाळातलं, साधारण तेराव्या शतकातलं मानतात. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. म्हणजे नामदेव आले तेव्हा हे देऊळ आपल्याला वाटतं तितकं प्राचीन नव्हतं, बऱ्यापैकी नवं होतं. देवळाचा खालचा काळ्या दगडाचा कोरीव भाग आणि वरचा पांढरा चुन्या-विटांचा भाग सरळ वेगळा दिसतो. आक्रमणात वरचा भाग पडला आणि पुढं तो पुन्हा उभारला गेला. त्या जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना देतात. म्हणजे आपलंही देऊळ एकदा पडलेलं आणि पुन्हा बांधलेलं आहे.

आणि हे गाव मुळात चालत आलेल्यांचं आहे. औंढ्याचं जुनं नाव आमर्दक. आमर्दक नावाच्या तीर्थाचे शैव आचार्य मध्य प्रदेशातल्या रणोदच्या शिलालेखात येतात. ते आमर्दक म्हणजे आपलं औंढाच, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर हजार वर्षांपूर्वी इथून माणसं झोळी घेऊन शेकडो कोस चालत गेली. नामदेव आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे. गुरूच्या शोधात ते औंढ्याला आले आणि देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा खेचर त्यांना भेटले. पाय उचलून ठेवीन तिथं पिंड, ही गोष्ट इथलीच. तिथून पुढं नामदेव पार पंजाबात पोचले, घुमानला राहिले, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आली. नांदेडला आलेले शीख यात्रेकरू नर्सीला जातात, ते त्यामुळं.

बरं, ही माणसं रात्री राहत कुठं? महानुभावांचा 'स्थानपोथी' नावाचा जुना ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी चालत फिरले, तर कुठल्या गावात, कुठल्या देवळात उतरले, त्या देवळाचं दार कोणत्या दिशेला, याची त्यात नोंद आहे. आजच्या प्रवास-पुस्तकांच्या सहाशे वर्षं आधी मराठी माणसानं मुक्कामांचं पुस्तक लिहिलं! मुक्कामाला देवळाच्या ओवऱ्या होत्या, मठ होते, पुढं धर्मशाळा आल्या. खिशात काही नसलेला माणूसही गाठोडं खाली ठेवू शकेल अशी एक तरी जागा गावात असायची. तीर्थ म्हणजे देव आणि मुक्काम, दोन्ही.

आज आपल्याकडं देव आहे. मुक्काम गेला. श्रावणात आणि महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते, हे खरं. पण एरवी गाडी येते, माणसं उतरतात, वाकून गाभाऱ्याच्या अरुंद पायऱ्या उतरतात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि तासाभरात नांदेड नाहीतर परळीच्या रस्त्याला. सासू-सुनेची बारव कुणी बघत नाही. भिंतीवरची शिल्पं कुणी नीट बघत नाही. त्यात बाहेरच्या माणसानं मोबाइलवर 'नागेश्वर ज्योतिर्लिंग' शोधलं की बऱ्याचदा द्वारकेजवळचं देऊळ पुढं येतं. उत्तराखंडातलं जागेश्वरही दावा सांगतं. खरं कुठलं, हा वाद मी इथं काढत नाही. एवढंच म्हणतो, की थांबलेला माणूसच गावाची गोष्ट पुढं नेतो. तासाभरात गेलेला फक्त फोटो नेतो.

हे सगळं आत्ता का लिहितोय? कारण आपल्या तालुक्यात दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' होतेय. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींचा खर्च मंजूर झाला, त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची प्रयोगशाळा. कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याची लहर इथं मोजणार. ही लहर इतकी बारीक असते, की जवळून गेलेल्या ट्रकचा हादराही मोजणीत लुडबूड करतो. म्हणून जागा शोधताना शांत जमीन हवी होती. रेल्वे मोठी नाही, कारखाने नाहीत, म्हणून आपण आजवर ज्याला मागासपणा म्हणत आलो, तोच आपल्या कामी आला.

उद्या इथं जगभरातली माणसं येतील. शास्त्रज्ञ येतील, विद्यार्थी येतील, पाठीवर बॅग घेतलेली पोरं येतील. त्यांना आपण काय सांगणार? "नांदेडला भरपूर हॉटेलं आहेत"?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पंचतारांकित हॉटेल नको. नगरपंचायतीनं आणि देवस्थाननं मिळून एक साधं यात्री निवास नीट चालवावं. स्वच्छ संडास, गरम पाणी, कुलूप लागणारं कपाट. परदेशी पाहुण्याचा फॉर्म कसा भरायचा हे लॉजवाल्यांना पोलिसांनी अर्ध्या दिवसात शिकवावं, म्हणजे भीती जाईल. स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा फलक मराठीबरोबर इंग्रजीत लावावा, नर्सीला जाणाऱ्यांसाठी गुरुमुखीतही. आणि शिल्पांची माहिती सांगणारी गावातलीच चार पोरं तयार करावीत, त्यांच्याही हाताला काम मिळेल.

नांदेडची गाडी लागली तेव्हा त्या पोरानं बॅग उचलली. मी "सॉरी" म्हणालो. तो हसला. म्हणाला, "हरकत नाही. सेवदासलाही जागा मिळाली नव्हती." त्याच्या मनात टोमणा नव्हता. मला मात्र तो लागला.

नंतर बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. नामदेवांच्या गोष्टीत चूक कुणाची? आपल्याच गावाची. दारातून माणसाला हटकलं ते आपल्याच लोकांनी. तरी औंढेकरांनी ती गोष्ट लपवली नाही, सातशे वर्षं पोराबाळांना सांगत आले. स्वतःची चूक इतक्या अभिमानानं सांगणारं गाव मी दुसरं बघितलं नाही. ती गोष्ट देवाचा चमत्कार म्हणून सांगतात, पण मला वाटतं आपल्या वाडवडिलांनी ती आपल्याला ताकीद म्हणून दिली. "इथं नको" म्हणताना जपून, देव त्याच्याकडं तोंड फिरवील.

माझ्या घरी आता एक जादा गादी आहे. फॉर्म कसा भरायचा तेही ठाण्यात जाऊन विचारून आलो. अजून कुणी आलेलं नाही. पण संध्याकाळी स्टँडवर चहा घेताना परभणीची गाडी आली, की मी आधी उतरणाऱ्यांच्या पाठीकडं बघतो.